कम्युनिटी कॉलेजची वाट शेवटाकडून आखावी लागते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे निकाल लागले की शहरोशहरी परदेशी शिक्षणाचे मेळावे भरतात आणि हल्ली त्यांत ‘टू प्लस टू’ हे शब्द हमखास कानावर पडतात. दोन वर्षे अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, पुढची दोन मोठ्या विद्यापीठात, आणि पदवी त्या विद्यापीठाची. ऐकणाऱ्या पालकांत लगेच दोन तट पडतात. काहींना वाटते, कुठेच प्रवेश मिळाला नाही म्हणून नाइलाजाने घ्यायचे ते हे कॉलेज. काहींना वाटते, बर्कलीच्या नामांकित विद्यापीठात शिरायचा चोरदरवाजा सापडला. दोन्ही समज मुलांना महागात पडतात. हे पत्र कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांपुरते आहे, कारण तिथल्या काउन्सेलिंग विभागाशी माझा रोजचा संबंध आहे. टेक्सास किंवा न्यू जर्सीचे नियम निराळे.

कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजे आहेत आणि सुमारे वीस लाख विद्यार्थी त्यांत शिकतात. राज्याने १९६० साली उच्च शिक्षणाचा आराखडा केला तेव्हा तीन मजले ठरवले. वर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी, मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे कॅल स्टेट, आणि तळमजल्यावर सर्वांना खुली असलेली कम्युनिटी कॉलेजे. ‘खुली’ हे अगदी शब्दशः घ्यावे. हायस्कूल पूर्ण झाले असेल किंवा वयाची अठरा वर्षे पुरी असतील तर दार उघडे आहे. कट-ऑफ नाही, कॅप राउंड नाही. त्यामुळे प्रवेशाचे पत्र आले म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही. ते पत्र जवळजवळ सगळ्यांनाच येते. एजंट या पत्रासाठीच पैसे मागत असेल तर एवढे लक्षात ठेवावे.

फीचा हिशेब युनिटवर, म्हणजे कोर्सच्या क्रेडिटवर, चालतो. राज्याच्या रहिवाशाला एका सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर पडतात. ट्रान्सफरला, म्हणजे तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जायला, लागणारी ६० युनिटे धरली तर दोन वर्षांची फी होते २,७६० डॉलर. परदेशी विद्यार्थ्याला याच ४६ डॉलरवर वेगळी नॉन-रेसिडंट ट्यूशन लागते. ती प्रत्येक कॉलेजची वेगळी आणि बऱ्याच ठिकाणी युनिटमागे ३०० डॉलरच्या वर आहे. दोन्ही मिळून ४०० डॉलर धरले तर ६० युनिटांचे २४,००० डॉलर झाले. आरोग्यविमा, पुस्तके आणि घरभाडे याच्या बाहेर. बहुतेक कॉलेजांना वसतिगृह नाही आणि सॅन होजे परिसरात एका खोलीचे भाडे फीइतकेच डोईजड होते. मेळाव्यातल्या तक्त्यात ही ओळ सहसा नसते. आणखी एक मेख आहे. डी अँझा आणि फुटहिल ही कॉलेजे क्वार्टर पद्धतीची, म्हणजे वर्षात दोन मोठ्या सेमिस्टरऐवजी तीन छोटी सत्रे असलेली, आहेत. तिथे रहिवाशांचा दर युनिटला ३१ डॉलर दिसतो आणि लोकांना ते स्वस्त वाटते. पण दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट, म्हणून तिथे ६० ऐवजी ९० युनिटे लागतात. ९० गुणिले ३१, म्हणजे २,७९० डॉलर. गोळाबेरीज तीच.

आता अभ्यासक्रमांचे. क्युपर्टिनोच्या डी अँझाचे एका सत्राचे वेळापत्रक उघडले तर एकाच यादीत कॅल्क्युलस, अकाउंटिंग, मोटार दुरुस्ती, ॲनिमेशन, नर्सिंग, बालविकास आणि इंग्रजी संभाषण असे सगळे सापडते. शेजारच्या फुटहिलमध्ये दंत-आरोग्य, रेडिओलॉजी आणि श्वसनोपचाराचे तंत्रज्ञ तयार होतात. दंत-आरोग्याची तर तिथे चार वर्षांची पदवीच मिळते. निवडक कम्युनिटी कॉलेजांना पदवी देऊ देणारा कायदा २०१४ साली झाला, त्याचा हा परिणाम. एवढ्या मोठ्या यादीचा तोटा असा, की मूल तीत हरवते. ट्रान्सफरला जायचे असलेला मुलगा दोन सत्रे जे जे आवडले ते घेत बसतो, २४ युनिटे जमवतो, आणि नंतर कळते की त्यांतली निम्मी त्याच्या विषयाच्या कामाची नव्हती.

म्हणून ही वाट शेवटाकडून आखावी लागते. कुठल्या विद्यापीठात, कोणत्या विषयात तिसऱ्या वर्षाला बसायचे हे आधी, आणि कॉलेज व पहिल्या सत्राचे विषय त्यानंतर. हे काम करायचे साधन फुकट आहे. असिस्ट डॉट ऑर्ग या सरकारी संकेतस्थळावर कॉलेज, विद्यापीठ आणि विषय निवडला की दोन रकाने उघडतात. एका बाजूला विद्यापीठाला हवा असलेला कोर्स, दुसऱ्या बाजूला त्याच्या तोडीचा तुमच्या कॉलेजातला कोर्स. जिथे समोर ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असे येते तिथे थांबून विचार करावा, कारण तो विषय त्या कॉलेजात मिळणारच नाही. तो दुसऱ्या कॉलेजात घ्यावा लागेल किंवा पुढे विद्यापीठात जाऊन भरून काढावा लागेल. संगणकशास्त्रासाठी तीन-चार कॉलेजांचे असे तक्ते शेजारी ठेवून पाहिले तर कॉलेज निवडायला दुसऱ्या कुठल्या क्रमवारीची गरज उरत नाही.

सर्वांत जास्त घात होतो तो गणिताच्या साखळीत. सेमिस्टरच्या कॉलेजात कॅल्क्युलस एक, दोन, तीन, मग लिनियर अल्जेब्रा किंवा डिफरन्शियल इक्वेशन्स, अशी चार सत्रांची माळ असते आणि पहिला मणी ओवल्याशिवाय दुसरा ओवता येत नाही. कॅल्क्युलसवर आधारलेले भौतिकशास्त्रही त्यालाच बांधलेले. यूसीला तिसऱ्या वर्षी जायचे तर हे सगळे दुसऱ्या वर्षाच्या वसंत सत्रापर्यंत संपले पाहिजे. पहिल्या सत्रात ‘जरा रुळू दे’ म्हणून गणित टाळले की माळ तिसऱ्या वर्षात जाते, आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजने दिलेले पत्र, वाढवून घ्यावे लागते आणि आणखी एका वर्षाचा खर्च अंगावर येतो. २०१७ च्या कायद्यानंतर प्लेसमेंटच्या परीक्षा गेल्या. आता पूर्वीच्या शिक्षणावरून आणि प्रश्नावलीवरून पातळी ठरते. बारावीत आपल्या मुलांनी अवकलन-संकलन केलेले असते. तरीही ‘पाया पक्का व्हावा’ म्हणून घरून एक पायरी खालचे गणित घ्यायला सांगतात. त्या एका पायरीची किंमत एक सत्र असते. पाया कच्चा वाटत असेल तर कॅल्क्युलससोबतचा आधारवर्ग घ्यावा, ट्यूटरिंग सेंटरला बसावे, पण साखळी सुरू करावी.

याच साखळीतली दुसरी चूक म्हणजे अर्धी माळ क्वार्टरच्या कॉलेजात आणि अर्धी सेमिस्टरच्या कॉलेजात करणे. क्वार्टरमध्ये जो भाग तीन तुकड्यांत शिकवतात तो सेमिस्टरमध्ये दोन तुकड्यांत. मधूनच कॉलेज बदलले की काही प्रकरणे दोनदा येतात, काही एकदाही येत नाहीत, आणि विद्यापीठ मालिका अपुरी धरते. मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवावी.

जनरल एज्युकेशनचा, म्हणजे मुख्य विषय कुठलाही असो, सगळ्यांना घ्याव्या लागणाऱ्या कोर्सचा, गठ्ठा वेगळा. २०२५ च्या फॉल सत्रापासून यूसी आणि कॅल स्टेट या दोघांना चालणारा एकच नमुना आला आहे, कॅल-जेटसी. त्यात ११ कोर्स, ३४ युनिटे. इंजिनीअरिंगकडे जाणाऱ्याने मात्र हा गठ्ठा आधी संपवण्याच्या मागे लागू नये. त्याचे पारडे मूळ विषयाच्या तयारीवर ठरते, इतिहास आणि मानसशास्त्रावर नाही. कॅल स्टेटसाठी असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर ही कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची डिग्री सरळ वाट आहे. ती घेतली की कॅल स्टेटच्या कुठल्या ना कुठल्या कॅम्पसवर तिसऱ्या वर्षाला जागा राखलेली असते. ‘कुठल्या ना कुठल्या’ हे शब्द महत्त्वाचे. हवा तोच कॅम्पस आणि हवा तोच विषय मिळेल असे त्यात लिहिलेले नाही.

जाहिरातीतल्या ‘हमी’ शब्दाचेही तसेच. यूसीची टॅग नावाची प्रवेश-हमी खरी आहे, पण ती सहाच कॅम्पसवर मिळते: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो यांत नाहीत. अर्ज १ ते ३० सप्टेंबर याच महिन्यात, तोही एकाच कॅम्पसला. त्यानंतर यूसीचा नेहमीचा अर्ज वेगळा भरायचा असतो आणि दर वर्षी काही मुले टॅग भरला म्हणजे झाले असे समजून तो चुकवतात. सरासरी आणि विषयांच्या अटी प्रत्येक कॅम्पसच्या वेगळ्या, आणि मागणी जास्त असलेले काही विषय टॅगमधून वगळलेलेच असतात. एक दिलासा मात्र आहे. ट्रान्सफरच्या वेळी यूसी बारावीचे गुण पाहत बसत नाही. पाहते ती कॉलेजातली कामगिरी. बारावीला घसरलेल्या मुलाला इथे खरोखर कोरी पाटी मिळते, पण त्या पाटीवर पहिल्या सत्रापासून लिहिले जाते.

एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरच्या मुलांसाठी नियम कडक आहेत. सत्राला किमान १२ युनिटे हवीत आणि त्यांत पूर्ण ऑनलाइन असा एकच कोर्स मोजला जातो. साथीनंतर या कॉलेजांतले कितीतरी वर्ग ऑनलाइन झाले आणि अजून तसेच आहेत. नोंदणीला उशीर झाला की प्रत्यक्ष भरणारे वर्ग भरलेले आणि उरतात ते ऑनलाइन. रहिवाशाचे त्यात काही बिघडत नाही, एफ-१ वाल्याचे १२ युनिटांचे गणित कोसळते. विषय झेपत नाही म्हणून रात्री घरबसल्या ‘ड्रॉप’चे बटण दाबणे ही सर्वांत महाग चूक. १२ च्या खाली गेल्यावर व्हिसाची नोंदच रद्द होऊ शकते. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचे कार्यालय, त्यांची लेखी परवानगी, मग ड्रॉप, हा क्रम मोडू नये. आजारपणात डॉक्टरांच्या पत्रावर सवलत मिळते. सुरुवातीच्या काळात अभ्यासाच्या अडचणीसाठीही मिळते, पण तेव्हा निदान ६ युनिटे चालू ठेवावी लागतात. दोन वर्षांनंतर असोसिएट डिग्रीवर १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, मिळते हे खरे. पण विज्ञान-तंत्रज्ञानाची २४ महिन्यांची वाढ त्या डिग्रीला लागू नाही, ती चार वर्षांच्या पदवीपासून पुढे. मेळाव्यात या दोन गोष्टी एकाच वाक्यात सांगून टाकतात.

लग्नानंतर एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, इथे येणाऱ्या मुलींना ही कॉलेजे सर्वांत उपयोगी आहेत आणि त्यांनाच त्यांची माहिती सर्वांत कमी असते. एच-४ वर शिकायला आय-२० लागत नाही. एक कोर्स घ्या नाही तर पाच घ्या. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहून, इथेच राहण्याचा इरादा कागदांनी दाखवला तर रहिवाशाचा ४६ डॉलरचा दर लागू होतो. भाडेकरार, वाहन परवाना आणि राज्याचे करविवरण हे कागद जपून ठेवावेत. कागद न दिल्यास संगणक आपोआप नॉन-रेसिडंट फी लावतो, आणि बऱ्याच जणी ती निमूट भरतात. शिशुशाळेत शिकवायचे असेल तर बालविकासाची १२ युनिटे लागतात. त्यांत बालकाची वाढ, मूल-कुटुंब-समाज आणि अभ्यासक्रम हे विषय असावे लागतात. ६ युनिटे झाल्यावर काम सुरू करून उरलेली सत्रागणिक पूर्ण करता येतात. मात्र शिकायला परवानगी आहे म्हणजे काम करायलाही आहे असे नव्हे. कामासाठी वेगळे ईएडी, म्हणजे सरकारी कामपरवाना, लागते. आपल्याकडच्या बी.कॉम.ला सीपीएकडे, म्हणजे अमेरिकेतल्या सीएसारख्या परवान्याकडे, वळायचे असेल तर कमी पडणारे अकाउंटिंग आणि एथिक्सचे कोर्स इथे संध्याकाळी किंवा ऑनलाइन भरून काढता येतात. परवाना देणाऱ्या मंडळाची मोजणी सेमिस्टर युनिटांत असते, डी अँझाची क्वार्टर युनिटांत. २४ हवीत म्हणून २४ घेतली तर हातात १६ च पडतात.

नर्सिंगचे दोन शब्द. असोसिएट डिग्री दोन वर्षांची असली तरी तिच्या आधी शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेसह करावे लागते. त्यात वर्ष सहज जाते, आणि मग गुणांकनाने किंवा सोडतीने जागा. पण शेवटी परवान्याची परीक्षा तीच, चार वर्षांची पदवी घेतलेल्या नर्सला असते ती. पर्यटक व्हिसावर आलेल्या आजी-आजोबांना मात्र इंग्रजीच्या मोफत वर्गातही नाव घालता येत नाही. त्यांच्यासाठी गावातली लायब्ररी बरी.

मदतीच्या खिडक्या भरपूर आहेत, पण कुणी हात धरून तिथे नेत नाही. पहिली खिडकी काउन्सेलरची. तिथे अर्ध्या तासाच्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये. गुणपत्रिका, लक्ष्य ठरवलेल्या दोन-तीन विद्यापीठांची यादी आणि असिस्टचे तक्ते घेऊन गेले तर त्याच बैठकीत सत्रावार एज्युकेशन प्लॅन हातात पडतो. ओरिएंटेशन आणि हा प्लॅन पूर्ण असला की नोंदणीची तारीख लवकरची मिळते, आणि ती लवकरची मिळाली की प्रत्यक्ष वर्गांत जागा मिळते. वरचा ऑनलाइनचा पेच निम्मा इथेच सुटतो.

वर्ग भरला असेल तर वेटलिस्टवर नाव घालून पहिल्या तासाला हजर राहावे. शिक्षक ॲड कोड देतात. कोड मिळाला म्हणजे नाव लागले असे नाही. तो मुदतीत पोर्टलवर टाकून फी भरावी लागते. पहिल्या आठवड्यात लॉगिन करून पहिली असाइनमेंट न देणाऱ्याचे नाव शिक्षक काढून टाकतात, आणि हल्ली ते याबाबत दयामाया करत नाहीत. सरकारी आर्थिक मदत लाटण्यासाठी खोट्या नावांनी नोंदणी करणाऱ्या टोळ्यांनी २०२१ पासून या कॉलेजांना सतावले आहे. कागदावर भरलेल्या वर्गात कित्येकदा माणसेच नसतात. गावी गेलेल्या आणि आठवडाभर उशिरा परतणाऱ्या खऱ्या विद्यार्थ्याला त्या टोळ्यांच्याच रांगेत बसवले जाते.

सोडायच्या तारखाही वहीत लिहून ठेवाव्यात. सोळा आठवड्यांच्या सत्रात फी परत मिळते ती साधारण पहिल्या दोन आठवड्यांत. सत्राचा पाचवा हिस्सा, म्हणजे तिसरा आठवडा, जाईपर्यंत सोडले तर गुणपत्रिकेवर काहीच उमटत नाही. तिथून पाऊण सत्रापर्यंत सोडले तर ‘डब्ल्यू’, म्हणजे कोर्स सोडल्याची खूण, उमटतो. त्यानंतर जे काही असेल ते ग्रेड. वर्गाला जाणे बंद केले म्हणजे नाव आपोआप निघेल हा समज आपल्याकडच्या मुलांत फार. निघत नाही, ‘एफ’ येतो. एका कोर्सला सर्वसाधारणपणे तीनच संधी, आणि ‘डब्ल्यू’ हीसुद्धा एक संधी मोजली जाते.

वाचनात अडचण, लक्ष न लागणे किंवा ऐकू कमी येणे असेल तर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा डीएसपीएस विभाग परीक्षेला वाढीव वेळ, नोट्स, वेगळी खोली देतो. भारतातून येताना जुने वैद्यकीय कागद आणावेत. लाजेपोटी किंवा ‘इथे कशाला सांगायचे’ म्हणून आपली मुले हे लपवतात आणि नापास झाल्यावर जातात. सवलत मागील तारखेने मिळत नाही. आरोग्यफीमध्ये मानसोपचारतज्ज्ञाशी बोलण्याची काही सत्रे धरलेली असतात. पुस्तकांसाठी वेळापत्रकात ‘झीरो टेक्स्टबुक कॉस्ट’ची खूण असलेले वर्ग शोधावेत. एरवी लायब्ररीच्या रिझर्व्ह काउंटरवर पुस्तक दोन-चार तासांसाठी मिळते आणि एका सत्राचे शे-दोनशे डॉलर सहज वाचतात. कॉलेजच्या फूड पँट्रीतून धान्य-भाजी न्यायला बहुतेक ठिकाणी फक्त विद्यार्थी ओळखपत्र लागते. फीमाफी, ईओपीएस ही गरजूंसाठीची मदत योजना आणि सरकारी अनुदान या मात्र रहिवाशांच्या गोष्टी, एफ-१ ला त्या लागू नाहीत. एफ-१ वाल्याला कॉलेजच्या आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. त्या नोकऱ्या मोजक्या असतात, त्या भरवशावर खर्चाचा तक्ता मांडू नये.

व्हिसाच्या मुलाखतीत ‘हेच कॉलेज का?’ हा प्रश्न येतोच. स्वस्त आहे, मामा जवळ राहतो, ही उत्तरे अर्जाला मारक ठरतात. अमुक विद्यापीठाचा अमुक विषय, त्याचे हे कोर्स या कॉलेजात आहेत आणि हा सत्रावार प्लॅन, असे ज्याला पाठ न करता सांगता येते त्याची तयारी झालेली असते.

आपल्या करिअर पुरवणीत ‘टू प्लस टू’बद्दल पुन्हा काही छापाल तेव्हा एक विनंती. फीचा आकडा रहिवाशाचा की परदेशी विद्यार्थ्याचा, युनिट क्वार्टरचे की सेमिस्टरचे, आणि ‘हमी’ नेमक्या कोणत्या कॅम्पसची व कोणत्या विषयाची, एवढ्या तीन गोष्टी मजकुराशेजारी चौकटीत द्याव्यात. जाहिरातदारांकडूनही त्या मागाव्यात.

आपला,
एक वाचक
सनीवेल, कॅलिफोर्निया
(नाव प्रसिद्ध करू नये)